आजीच्या डब्यातला चकाकणारा दोरा नक्की कुठला?

उलटी टीप

नमस्कार मंडळी. आईकडे माळा आवरताना आजीचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा सापडला. झाकण इतकं गंजलेलं की पान्याने उचकटावं लागलं. आत दोऱ्यांच्या लडी, तीन लाकडी रिळं, सुया खोचलेली फ्लॅनेलची पट्टी आणि उशीच्या अभ्र्यांची जोडी. एक अभ्रा पूर्ण भरलेला. दुसऱ्यावर कार्बनने उतरवलेलं डिझाइन आहे, पण भरून झालंय अर्धंच, आणि सुई तशीच कापडात टोचलेली. आई म्हणते, मावशीच्या रुखवतासाठी केले होते, १९७४ साली. लग्न अलीकडे आलं आणि एक अभ्रा राहिला तो राहिलाच.

तो पुरा करायचा असं डोक्यात आहे. टाके येतात मला. अडलंय ते दोऱ्यांपाशी. अभ्र्यात तीन तऱ्हेचे दोरे दिसतात:

– पानं आणि देठ साध्या लडीच्या दोऱ्याने. हे ओळखीचं आहे.
– गुलाब एका गुलाबी दोऱ्याने, बुलियन टाक्यात (सुईवर वेढे घालून करतात तो). हा भयंकर चकाकतो, गोल पिळाचा आहे, हाताला गार लागतो. आई म्हणते "सिल्कचा दोरा". याची अर्धी लड शिल्लक आहे.
– कडेने सोनेरी जरीचा दोरा होता, आता तो काळा पडलाय.

दुकानात सिल्कचा दोरा मागितला तर त्याने चार प्रकार समोर टाकले, चारही "सिल्क". दहा रुपयांपासून दीडशेपर्यंत. काय घेऊ?

शर्टाचं बटण

दोऱ्यावर धागा! मी पहिला. आता जाणकार येईपर्यंत पॉपकॉर्न घेऊन बसतो.

गहू टाका

अगं, आधी कापडातली ती सुई काढ. पन्नास वर्षं टोचलेली आहे म्हणजे खाली गंजाचा डाग असणार. लिंबू-मीठ लावायचा मोह होईल, पण भरलेल्या दोऱ्याच्या जवळपास ते नेऊ नकोस. त्याच्यावर एक जादाचं पान भर. पानं कोण मोजतंय?

आता दोरे. देठाचा दोरा म्हणजे आपली नेहमीची लड. सहा पदर असतात, ते सुटे करता येतात. लड ८ मीटरची, म्हणजे सुटा एक पदर धरला तर ४८ मीटर. बाह्यरेषेला दोन पदर, भरीव पानाला तीन, अगदी नाजूक कामाला एक. आजीने किती पदर घेतलेत ते उलट बाजूने सुईच्या टोकाने उकलून मोज.

पदर सोडवताना मात्र तीन एकदम ओढायचे नाहीत. एकेक पदर सरळ वर ओढायचा, बाकीचे खाली चुण्या होऊन गोळा होतात, ते हाताने सरळ करायचे आणि मग पुढचा. सगळे सुटे झाले की हवे तितके परत एकत्र घ्यायचे. म्हणशील, सुटे करायचे आणि परत जोडायचे तर उपयोग काय? असे जोडलेले पदर शेजारी शेजारी पसरून बसतात आणि पान भरलेलं दिसतं. एकदम ओढलेल्या पदरांना एकमेकांचा पीळ बसतो, टाका दोरीसारखा दिसतो. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत एवढाच कापायचा. लांब घेतला की वेळ वाचतो असं वाटतं, पण सारखा कापडातून ओढून ओढून शेवटी त्याला लव सुटते आणि चकाकी जाते.

गुलाबी दोरा मला सिल्क वाटत नाही. त्या काळी मध्यमवर्गीय घरात उशीच्या अभ्र्याला खरं रेशीम कोण वापरणार?

उलटी टीप

काकू, तुम्ही म्हणालात तस्सं. सुई काढली, मसुराएवढा तपकिरी डाग आहे. पान भरते. देठाला दोन पदर निघाले.

एका लडीला अर्धवट लेबल पण आहे. जहाजाच्या नांगराचं चित्र आणि ४०३ नंबर. हा कुठला रंग?

राईनकाठची

नांगर म्हणजे अँकर कंपनी. अँकरचा ४०३ म्हणजे काळा :) डीएमसी या दुसऱ्या दोरा कंपनीत तोच ३१०. लड काळी नाहीये का?

उलटी टीप

काळीच आहे. लेबल वाचून मी उगाच उत्साहात आले.

शर्टाचं बटण

हा तपास आता योग्य दिशेने चाललाय.

राईनकाठची

मी जर्मनीत फ्रायबुर्गजवळ राहते. नदी ओलांडली की फ्रान्समधलं मुलूझ, डीएमसीचं गाव. त्या घराण्याने १७४६ साली सुरुवात केली ती दोऱ्यापासून नव्हे, छापील कापडापासून. आणि ते छापील कापड कसलं, तर आपल्याकडून युरोपात जाणाऱ्या छिटांची नक्कल. त्याला तिथे नावच "इंदियेन". दोरा नंतर आला. गावात छापील कापडाचं म्युझियम आहे, कधी आलात तर बघा.

मुद्द्याचं म्हणजे साधा सुती दोरा चमकतो कसा. सुताचा तंतू सूक्ष्मदर्शकातून चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ च्या सुमारास सूत कॉस्टिक सोड्यात बुडवून पाहिलं. तंतू फुगून गोल झाला, मजबूत झाला, रंगही जास्त प्यायला लागला, पण कापड आटायचं म्हणून कोणी फार विचारलं नाही. १८९० मध्ये होरेस लो याने तेच काम सूत ताणून धरून केलं. आटणं थांबलं आणि वर रेशमासारखी झळाळी आली. लेबलवर मर्सराइज्ड लिहितात ते हेच. म्हणजे चकाकतो तो सिल्क हे गृहीतक तिथेच गळून पडलं. तुमचा दोरा पर्ल कॉटन असू शकतो. तोही गोल पिळाचा, पदर सुटे न होणारा असतो.

गहू टाका

पर्ल "हाताला गार" नाही लागत गं. जाळून बघू दे तिला.

सुरतेचा मामा

जाळून बघा, हेच लिहायला आलो होतो. मूळचा धुळ्याचा, गेली बावीस वर्षं सुरतेत कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर आहे. दोरा ओळखायला आमच्याकडे दुसरी परीक्षा नाही.

बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा, पंखा बंद. केस जळल्याचा वास आला आणि काळी गोळी बोटात चुरली, तर रेशीम किंवा लोकर. वितळून टणक मणी झाला, तर पॉलिस्टर. कागद जळल्याचा वास आणि मऊ राखाडी राख राहिली, तर सूत किंवा रेयॉन.

बाजारात सिल्क धागा म्हणून विकतात त्यातला बहुतेक माल रेयॉन नाहीतर पॉलिस्टर असतो. पूर्वी त्याला आर्ट सिल्क म्हणायचे. यातलं आर्ट म्हणजे कला नाही, आर्टिफिशियल. गिऱ्हाईक कलेचं समजून घेऊन जातं. दुकानदाराचीही चूक म्हणवत नाही, त्यालाही तसंच सांगून विकलेलं असतं.

उलटी टीप

जाळला. कागदाचा वास, राखाडी राख. म्हणजे सूत का रेयॉन?

सुरतेचा मामा

आता ओला करा. वीतभर तुकड्याचा मधला भाग जिभेने किंवा पाण्याने भिजवा आणि दोन्ही टोकं धरून ओढा. सूत ओलं झालं की उलट घट्ट होतं. रेयॉनची ताकद ओलं झाल्यावर निम्म्याच्या आसपास येते, बरोबर ओल्या जागी तुटतं.

उलटी टीप

टचकन तुटला. ओल्या जागीच.

शर्टाचं बटण

केस सुटली. पन्नास वर्षं सिल्क म्हणून मिरवणारा आरोपी रेयॉन निघाला.

उलटी टीप

आईला सांगितलं. म्हणाली, "असू दे, मावशीला नको सांगू."

बेळगावची

छान धागा! उशिरा आले. रेयॉनला नावं ठेवण्याआधी थोडं. पीळ नसलेलं किंवा कमी पिळाचं रेशीम असं काही चमकतं की दुसऱ्या कशाला ती सर येत नाही, आणि रेयॉन त्याचीच नक्कल. पंजाबची फुलकारी बघा. जाड खादी, त्यावर पट म्हणतात ते बिनपिळाचं रेशीम, उलट्या बाजूने कापडाचे धागे मोजून भरायचं. एकच रंग आडवा भरला आणि शेजारी उभा भरला तर दोन वेगळे रंग वाटतात. उजेड पडायची दिशा बदलते म्हणून. हे सुती दोऱ्याने एवढं दिसत नाही.

आमच्याकडे धारवाड-बेळगाव भागात कसूती भरतकाम. तिथे प्रश्नच वेगळा. इरकल साडीवर धागे मोजून भरायचं, छापायचं काही नाही, गाठ मारायची नाही. त्यातल्या गवंती टाक्यात धावदोऱ्याने जायचं आणि मोकळ्या जागा भरत त्याच वाटेने परत यायचं, दोन्ही बाजू सारख्या. असा दोरा हवा जो त्याच भोकातून दुसऱ्यांदा जाताना आधीचा टाका फाडणार नाही. लडीचे एक किंवा दोन पदर. मी एकदा हौसेने चंद्रकळेवर चकचकीत रेयॉनने गोपुर काढायला घेतलं. मुरगी टाक्याच्या पायऱ्या एकेक करून सैल पडत गेल्या, घसरतोच तो. निम्मं उसवलं, त्यात साडीचेही दोन धागे तुटले. ते गोपुर अजून बिनकळसाचं आहे.

आणि सगळेच दोरे दुकानातून येत होते असंही नाही. बंगालमध्ये कांथ्यासाठी जुन्या साड्यांच्या काठातले रंगीत दोरे ओढून काढायचे. माझ्या सासूबाई गोधडीला तसंच करायच्या.

सूक्ष्मा

मध्येच विचारते, रागावू नका. पर्ल कॉटनच्या नंबरांचं काय गणित आहे? ५ आणला तर ८ पेक्षा जाड निघाला!

गहू टाका

रागवायचं काय त्यात. नंबर वाढला की दोरा बारीक. ३ सगळ्यात जाड, मग ५, ८, आणि १२ सगळ्यात बारीक. हाताच्या सुयांचंही तसंच, दहा नंबरची सुई पाच नंबरपेक्षा नाजूक. ८ नंबरचा छोटा गोळा मिळतो, १० ग्रॅमचा, साधारण ८० मीटर. दुसूतीवर काम करणार असशील तर ५ घे. दुपट्याच्या कडेला काज टाका घालायला ८ छान.

सुरतेचा मामा

मशीनच्या सुयांचं उलटं बरं का काकू, तिथे नंबर मोठा तर सुई जाड.

मशीनच्या दोऱ्याचं पण सांगून टाकतो. ४० नंबर म्हणजे एका किलोत साधारण ४० किलोमीटर. बारीक अक्षरांना ६० नंबर. आमच्याकडे कारखान्यात मात्र डेनियरमध्ये बोलतात, ९००० मीटरचं ग्रॅममध्ये वजन. १२० डेनियर दोनपदरी म्हणजे ९ किलोमीटरला २४० ग्रॅम. भागून बघा, किलोला साडेसदतीस किलोमीटर येतात. म्हणजे तोच ४० नंबर. दोन भाषा, माल एक. या रिळाच्या दोऱ्याने हाताने भरू नका. एक तर फार बारीक, त्यात मशीनच्या ताणासाठी केलेला पीळ, हातात नुसता वेटोळं घालतो.

उलटी टीप

आणि माझी काळी जर? तिच्याबद्दल कोणीच बोललं नाही.

सुरतेचा मामा

तुमचीच वाट बघत होतो. एक टाका उकला आणि दोरा नखाने सोला. वर चपटी तार गुंडाळलेली असते, आत गाभा. गाभा रेशमाचा आणि तार पांढरी चांदीची दिसली तर खरी जर, वर सोन्याचा मुलामा. चांदी काळी पडते, त्यात नवल नाही. तारेखाली लालसर तांबं दिसलं तर नकली. मधला एक प्रकार आहे, तांब्यावर चांदीचा मुलामा, बाजारात टेस्टेड जर म्हणून चालतो. हल्लीची प्लास्टिकची जर काळी पडतच नाही, तिचा पापुद्रा सुटतो आणि आतला पांढरा दोरा दिसायला लागतो.

खरी निघाली तर उसवून फेकू नका. जुन्या पैठण्या घेऊन जाणारे लोक काही नक्षीच्या प्रेमाने नेत नाहीत, वितळवून चांदी काढतात.

उलटी टीप

सोलली. खाली लाल. तांबं.

आमच्या आजीकडे काहीच खरं नव्हतं!

गहू टाका

हात खरा होता की. जर तशीच राहू दे, चिंच किंवा पितांबरी काही लावू नकोस. नव्या अभ्र्यावर घालायचीच असेल तर कापडातून आरपार ओढू नकोस, तार सुटते. वर ठेवायची आणि त्याच रंगाच्या एका पदराने मध्ये मध्ये टाचायची. टोकं तेवढी मोठ्या नाकाच्या सुईने खाली न्यायची.

राईनकाठची

रंग जुळवताना एक: अभ्रा उलटा करून बघा. मूळ रंग मागच्या बाजूला असतो, पुढचा पन्नास वर्षांत उतरलाय. जोडी शेजारी शेजारी ठेवायची असेल तर मागच्या रंगाशी नाही, पुढच्याशी जुळवा. हिरवा नेमका मिळाला नाही तर दोन जवळच्या छटांचा एकेक पदर एकाच सुईत ओवा. अँकर-डीएमसीचे तक्ते नेटवर आहेत, पण त्यातलं "सारखं" म्हणजे "जवळपास" समजा. काळ्याला चालतं, हिरव्यात फसतं. आणि लागतील तेवढ्या लडी एकदम घ्या. पुढच्या खेपेला त्याच नंबरचा रंग किंचित वेगळा निघू शकतो.

बेळगावची

+१ उलट्या बाजूला. आणि कृपा करून लाल किंवा मरून दोरा आधी धुऊन घ्या. भाचीच्या बारशाला पांढऱ्या झबल्यावर लाल चेरी भरल्या होत्या मी, दुकानात "पक्का रंग" म्हणून शपथेवर दिलेल्या दोऱ्याने. पहिल्याच धुण्यात झबलं गुलाबी. वहिनी म्हणाल्या, मुलगीच आहे, शोभेल.

रंग सुटलाच तर वाळवायचं नाही आणि इस्त्री तर अजिबात नाही. ओलं आहे तोवर गार पाण्यातून पुन्हा पुन्हा काढायचं, पाणी नितळ येईपर्यंत. मीठ-व्हिनेगरचे उपाय करून झाले माझे, डागही तिथेच आणि दोराही तसाच.

उलटी टीप

रंगाचं जमलं. हिरव्यात दोन छटा मिसळल्या, एकदम आजीचा वाटतोय. आता रडगाणं: गुलाबी रेयॉनने बुलियन जमत नाहीये. वेढे घातले की दोरा उसवतो, सुई ओढली की सगळं गोळा होऊन बसतं. चार वेळा कापला. आणि लड संपत चाललीय, तशी छटा कुठेच नाही.

बेळगावची

थांब, कापू नकोस! पीळ बघ आधी. दोरा उभा धर. पिळाच्या तिरक्या रेषा इंग्रजी एसच्या मधल्या रेघेसारख्या झुकतात की झेडच्या? आपल्या लडीचा पीळ एस. ब्राझिलियन भरतकामाचे रेयॉन दोरे झेड पिळाचे असतात, तुझा तसा असेल तर सवयीच्या दिशेने वेढे घातलेस की पीळ उलगडत जातो. डोकं न चालवता करायचं तर सुईवर चार वेढे एका दिशेने घाल, चार दुसऱ्या. ज्या दिशेने दोरा फुलत नाही ती तुझी.

दुसरं, सुई बदल. नाक फुगीर असलेली सुई वेढ्यांतून निघताना अडते. नाक आणि दांडी एकाच जाडीची अशी लांब सुई मिळते, मिलिनर म्हणून माग. आणि लडीतून काढलेला दोरा कुरळा राहतो, ओल्या स्पंजवरून एकदाच फिरव आणि सुकू दे. ओला ओढलास तर काय होतं ते तू बघितलंच आहेस.

उलटी टीप

दिशा!!! उलट्या दिशेने घातले आणि पहिल्या फटक्यात सात वेढ्यांची पाकळी बसली. तुमच्या हातात साखर पडो.

पण दोरा पुरत नाही. मोजलं. एका गुलाबाला दोन हात दोरा जातो, सात गुलाब उरलेत आणि लडीत अकरा हात. नवा रेयॉन आणला तर वेगळा दिसणार, पूर्ण अभ्र्यातून उसवायला हात धजत नाही.

शर्टाचं बटण

अकरा भागिले दोन, साडेपाच. अर्धा गुलाब मुंगीने खाल्लाय म्हणा.

गहू टाका

बटणराव गंमत करतायत, पण उत्तर तेच आहे. चार गुलाब पूर्ण कर. उरलेल्या तिन्ही ठिकाणी कळ्या कर, कळीला दोनच पाकळ्या लागतात आणि खालचा देठ-कप हिरव्या लडीने. कळीला हातभर दोरा पुरेल. चार गुलाबांचे आठ, तीन कळ्यांचे तीन, झाले अकरा. गाठ मारू नकोस, टोक मागच्या टाक्यांखालून काढ, नाहीतर तेवढ्यात वीतभर जाईल.

उलटी टीप

काकू, झाला!! तिन्ही कळ्या बसल्या. दोरा उरला तो बोटाच्या पेराएवढा, तो सुईतच ठेवलाय. गंजाच्या डागावर पान आलं. जर नाही घातली, तिच्या जागी डीएमसीचा साधा पिवळा लावला, पर्ल ८. पहिल्या अभ्र्याची काळी जर तशीच आहे.

आईने दोन्ही शेजारी ठेवून बघितले. म्हणाली, आजीचा कुठला ते लगेच कळतं, तिचे गुलाब घट्ट आहेत.

धुवायचे कसे, गार पाणी, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून, बरोबर ना? रेयॉन आहे म्हणून विचारतेय.

बेळगावची

बरोबर. आणि भिजत घालून फोनवर बोलत बसू नकोस.

उलटी टीप

:) नाही बसत. अजून एक, डब्याच्या तळाशी होडीच्या आकाराची पांढरी हस्तिदंतासारखी दोन टोकांची चकती निघाली, आत बारीक दोरा गुंडाळलेला. आई म्हणते बटण असेल.

गहू टाका

बटण नाही गं, टॅटिंगची, म्हणजे दोऱ्याच्या गाठींनी लेस विणायची शटल आहे ती! नवीन धागा काढ, लगेच.